तोतो शाळेत कसा होता

सेंट ब्लँडिना कॅथलिक हायस्कूल,
रिजायना, सस्कॅचेवान
२५ नोव्हेंबर

आदरणीय तीता रोसेन्दा,

मी चेस्का विलारुएल. बारावीत आहे आणि यंदा विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष आहे. माझी आई लोर्ना तुम्हाला ठाऊक असेल, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या तळघरात कॉफी वाटते ती. तुम्हाला तीता म्हण, मावशीसारख्या आहेत, असं तिनेच सांगितलं.

तुमचा रेनियर गेल्यापासून आमची शाळा सुन्न आहे. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलावर बर्फावरून घसरत आलेली गाडी चढते, यावर अजून कोणाचाच विश्वास बसत नाही. तो आमच्या शाळेचा प्रकाश होता. सेंट ब्लँडिना ही नुसती शाळा नाही, एक कुटुंब आहे, आणि या कुटुंबातलं एक माणूस आज कमी झालं आहे.

चौदा डिसेंबरला आम्ही रेनियरसाठी एक दिवस ठेवतो आहोत. सकाळी प्रार्थनासभा, मग जिममध्ये सगळी शाळा एकत्र. त्याच्या नावाच्या निळ्या हुडी करायचं मंडळाने ठरवलं आहे, सगळ्यांनी एकाच रंगात दिसावं म्हणून. त्यासाठी तुमची परवानगी हवी, त्याचा एखादा चांगला फोटो हवा, आणि त्याचं आवडतं वाक्य कळलं तर ते पाठीवर छापता येईल.

तुमचं फेसबुक बंद दिसलं. फोनही लागत नाही. फादर म्हणाले, रेनियरला घेऊन तुम्ही मायदेशी गेलात, म्हणून त्यांच्याकडून तुमच्या बहिणीचा इलोइलोचा पत्ता घेतला. आमचे मंडळाचे शिक्षक मिस्टर डुसेट म्हणाले, हे पत्र तूच लिही, तुम्ही एकाच देशाचे. मी इथेच जन्मले, तरी प्रयत्न केला आहे. काही चुकलं असेल तर माफ करा.

तुमच्या दुःखात सहभागी,
चेस्का


लेगानेस, इलोइलो
१७ डिसेंबर

चेस्का,

तुझं पत्र काल आलं. म्हणजे तुमचा तो दिवस होऊन गेला असेल.

तुझ्या आईला ओळखते. साखर विचारल्याशिवाय घालते.

हुडीला मी नको म्हटलं असतं. का, ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. त्याचं आवडतं वाक्य नव्हतं. काही विचारलं की 'ठीक आहे' म्हणायचा. जेवलास का, ठीक आहे. शाळा कशी झाली, ठीक आहे.

फोन मीच बंद केला. त्याला इथे आणल्यावर, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी उघडला तर त्याचा फोटो, खाली मेणबत्ती, आणि त्याखाली शेकडो लाल बदाम. ती नावं मी वाचत बसले. एकही ओळखीचं नाही. मग सिमकार्ड काढलं आणि बहिणीच्या शिवणाच्या डब्यात टाकलं.

काल त्याचा चाळिसावा दिवस झाला. घरात माणसं होती, पॅन्सितच्या शेवया केल्या, डुक्कर कापलं. माझी मोठी बहीण, मानांग पुरिंग, सारखी म्हणते, एकदा रडून घे, मोकळी होशील. मी प्रयत्न करते. पंख्याकडे बघत बसते. पंखा फिरतो. मला काही होत नाही. हात असे झालेत की गरम भांडं उचललं तरी उशिरा कळतं.

तुला एक विचारायचं होतं, म्हणून लिहिते आहे. मी त्याला सोडून कॅनडात गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. कागदपत्रं होऊन माझ्याकडे आला तेव्हा तेरा. पुढची तीन वर्षं मी वृद्धाश्रमात रात्रपाळी केली. मी घरी यायची तेव्हा तो निघायच्या तयारीत असायचा, तो यायचा तेव्हा माझी निघायची घाई. रविवारी मिस्साहून आलं की दोघंही झोपायचो. सगळा दिवस तो तुमच्याकडे होता. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे.

तो शाळेत कसा होता? तू त्याच्याशी बोलायचीस का?

रोसेन्दा


रिजायना
११ जानेवारी

प्रिय तीता रोसेन्दा,

तुमचं पत्र परवा मिळालं. खूप वाईट वाटतं आहे. हुडी आधीच छापून आल्या होत्या आणि तुमचं उत्तर येईपर्यंत थांबावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. पाठीवर आम्ही 'सदैव आमचा' असं छापलं. मनापासून माफी मागते.

पण कार्यक्रम खरंच सुंदर झाला, तीता. जिममध्ये उभं राहायला जागा नव्हती. सगळीकडे निळं निळं. भाषण मी केलं. मुलं रडत होती, हॉकीच्या संघातली धिप्पाड मुलंसुद्धा. मिस्टर डुसेट म्हणाले, गेल्या पंधरा वर्षांत शाळेत एवढा एकोपा पाहिला नाही.

तुम्ही विचारलंत तो कसा होता. रेनियर सगळ्यांना मदत करायचा. ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगला आम्ही गरजू घरांसाठी अन्नाच्या पेट्या भरतो, तेव्हा त्याने माझ्याबरोबर सगळ्या जड पेट्या गाडीपर्यंत वाहिल्या होत्या. सप्टेंबरच्या पहिल्या मिस्साला तो गायनवृंदात उभा होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो. चेहऱ्यावर कायम हसू. आमचं बोलणं व्हायचं. तुमच्याबद्दल तो फार अभिमानाने बोलायचा.

तुम्ही जेवता ना नीट? आई तुमच्यासाठी रोज रोझरी म्हणते.

तुमची,
चेस्का


लेगानेस
२ फेब्रुवारी

इंदाय,

आमच्या इलोइलोत लहान मुलीला इंदाय म्हणतात. मुलाला तोतो. रेनियरला मी कायम तोतोच म्हटलं, मोठा झाला तरी. त्याला लाज वाटायची.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तोतोला ताप होता. माझ्या पलंगावर झोपून होता. मी दोन दिवस रजा घेतली होती. तीन वर्षांत घेतलेली तेवढीच रजा, म्हणून लक्षात आहे. त्याने पेट्या उचलल्या नाहीत.

आणि त्याला गाता येत नव्हतं. लहानपणी इथल्या चर्चमध्ये फादरनी त्याला सांगितलं होतं, बाळा, तू नुसते ओठ हलव.

मी रागावलेले नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं. उलट तुझं पत्र वाचून मला माझंच काम आठवलं. आश्रमातल्या म्हाताऱ्यांची मुलं फोन करायची, बाबा कसे आहेत? मी सांगायची, आज छान जेवले, तुमची आठवण काढत होते. बाबांनी दिवसभर ताटाला हात लावलेला नसायचा, मुलाचं नाव विसरून वर्ष झालेलं असायचं. मी वर्षानुवर्षं असं गोड बोलत आले. पलीकडचं माणूस समाधानाने फोन ठेवायचं. तू हे काम चांगलं करशील.

पण मी फोन ठेवायला बसलेली नाही, इंदाय. इथे दिवस फार मोठा असतो. सकाळी मानांग भात लावते, मी कोंबड्यांना दाणे घालते, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नसतं. ज्याच्यासाठी दहा वर्षं दुसऱ्यांची म्हातारी माणसं धुतली-पुसली तो कोण होता, हे मला माहीत नाही. शेजारणी येतात, म्हणतात किती गुणी पोर होतं. त्यांनी त्याला तेराव्या वर्षानंतर पाहिलेलंच नाही.

तुला माहीत नसेल तर 'माहीत नाही' एवढंच लिही. मला चालेल.

रोसेन्दा


रिजायना
२७ फेब्रुवारी

तीता,

माहीत नाही.

हे पत्र सुरू करायला मला आठवडा लागला. मी त्याच्याशी कधीच बोलले नाही. एकदा जिन्यात त्याचा धक्का लागला, तो 'सॉरी' म्हणाला, मी मोबाइलमधून मान वर केली नाही. एवढंच. बाकी सगळं मी रचलं.

त्या कार्यक्रमाचंही खरं सांगते. भाषण मी आदल्या दिवशी लिहिलं होतं, कुठे थांबायचं त्याच्या खुणा करून. त्या खुणांवर मी थांबले आणि तिथे लोक रडले. मला काहीच वाटलं नाही. समोरच्या दारावरच्या लाल पाटीकडे बघत मी वाचत होते. खाली उतरल्यावर सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या, किती खंबीर आहेस म्हणाले. मी खंबीर नव्हते. चार वर्षं माइकवर बोलून मला आता कळत नाही कुठलं वाक्य माझं आहे आणि कुठलं सूचनाफलकावरचं.

तुमचं पत्र आल्यावर मी विचारत फिरले. शिक्षकांना विचारलं. सगळे म्हणाले, शांत मुलगा होता. कशावरून, विचारलं की घड्याळाकडे बघायचे. त्याच्या वर्गातली मुलं निळी हुडी घालून माझ्याशी बोलत होती आणि तो कुठल्या बाकावर बसायचा ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मग सोमवारी एक नववीतली मुलगी माझ्या लॉकरपाशी येऊन उभी राहिली. चिनेलो तिचं नाव. नायजेरियाची, एवढीशी आहे, आणि बोलते कशी तर भांडल्यासारखी.

"रेनियरबद्दल विचारत फिरतेयस ती तूच ना? चोर होता तो."

मी म्हटलं, "काय?"

"चोर! सप्टेंबरपासून माझा डबा खाल्ला त्याने. माझी आई पफपफ देते, तळलेले गोड गोळे. चॅपलच्या मागच्या पॅसेजमध्ये आम्ही पत्ते खेळायचो. हरलं की डबा द्यायचा. मी रोज हरायचे."

"मग खेळायचीस कशाला?"

"जिंकायला! तुमचा तो पुसोय. मला म्हणाला, यात दुर्री सगळ्यांत मोठी. म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दुर्री आली, तर म्हणाला, आज मंगळवार, मंगळवारी चौकटची तिर्री दुर्रीला मारते. इलोइलोत असंच असतं म्हणे. आता मला इलोइलोतलं काय कळणार?"

मी हसले. ती नाही हसली.

"आणि ऐक. एकदा सिस्टरने पकडलं आम्हाला. चॅपलशेजारी जुगार म्हणून. पत्ते त्याचे. त्याने माझ्याकडे बोट केलं. सरळ! मी आठवडाभर हॉल झाडला. तो येऊन बाकावर बसायचा, पाय वर घेऊन, मला म्हणायचा, तो कोपरा राहिला बघ."

"तू बोललीस का नंतर त्याच्याशी?"

"न बोलून काय करू? दुसरं होतं कोण मला?"

मग ती बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली. मी विचारलं, कार्यक्रमाला होतीस का. म्हणाली, होते, तुझं भाषण सुरू झालं तेव्हा उठून गेले, मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कोणाच्या कार्यक्रमाला आले.

तुमच्याबद्दलही तिने सांगितलं. ती विचारायची, तुला सकाळी शाळेत यायला उशीर का होतो? तो म्हणायचा, आई रात्रपाळीहून येते ती बूट काढायच्या आधीच खुर्चीत झोपते. एक बूट ती कसाबसा काढते, दुसरा मी काढतो, मग निघतो. तिला वाटलं ही पण थापच. खरं आहे का ते, तिने तुम्हाला विचारायला सांगितलं आहे.

यातलं मी काहीही रचलेलं नाही.

चेस्का


लेगानेस
२४ मार्च

इंदाय,

पत्र मिळालं.

दोन्ही बूट मीच काढते असं मला वाटायचं. उठायची तेव्हा ते दाराशी नीट ठेवलेले असायचे.

आत्ता एवढंच लिहिता येतंय.

रोसेन्दा


रिजायना
२० एप्रिल

तीता,

तुमच्या पत्राचं मी चिनेलोला सांगितलं. ती 'हं' म्हणाली आणि पत्ते पिसत बसली. वाटताना म्हणाली, म्हणजे एक तरी खरं बोलला.

आज तुमच्याकडून एक निर्णय हवा आहे. जूनमध्ये बारावीचा निरोपसमारंभ असतो. मंडळाने ठरवलं की यंदापासून 'रेनियर पालमारेस सहृदयता पुरस्कार' द्यायचा, ज्याने वर्षभर इतरांना मदत केली अशा मुलाला. जिमच्या भिंतीवर त्याचा मोठा फोटो, खाली 'आमच्या शाळेचा प्रकाश'. ही ओळ माझ्याच पहिल्या पत्रातली, मिस्टर डुसेटना फार आवडली होती.

मी सभेत विरोध केला. म्हटलं, तो असा नव्हता. आपल्यातलं कोणी त्याला ओळखत नव्हतं. त्याच्या नावाने आपण आपलंच कौतुक करतोय.

आमची उपाध्यक्ष टेटम कोझाक उठली. "चेस्का, मेलेल्या मुलाला तू वाईट म्हणतेयस? कळतंय का तुला?"

"वाईट नाही म्हणत. पत्त्यांत लबाडी करायचा म्हणतेय."

"तेच ना! काय बोलतेस! रडली नाहीस तू त्या दिवशी, मी बघितलंय. सगळी शाळा रडली, आणि तू ढिम्म. तुझ्यात ना, भावनाच नाही. स्पिरिट नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्टर डुसेट टेबलावर पेन आपटत राहिले, कोणाची बाजू घेतली नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, नाही रडले. पण त्या जिममध्ये एकच मुलगी होती जिला रडायचा हक्क होता, आणि ती माझं भाषण ऐकून उठून गेली. ती मुलगी कोण, हे तुमच्यापैकी कोणी विचारलंत का?

कोणी विचारलं नाही. मतदान झालं, माझ्या बाजूने फक्त माझा हात. शेवटी मिस्टर डुसेट म्हणाले, आईची परवानगी येईपर्यंत थांबू. या वेळी तरी थांबू. एवढंच मला मिळालं.

जूनपर्यंत अध्यक्ष मीच आहे. सकाळच्या सूचना वाचते, सगळे नमस्कार करतात. पण मंडळाच्या टेबलावर माझ्यासाठी आता कोणी जागा धरून ठेवत नाही. मी जेवायला चॅपलच्या मागच्या पॅसेजमध्ये जाते. तिथे हीटर तडतडतो आणि मेणाचा वास येतो. चिनेलो मला पुसोय शिकवते, तोतोच्या नियमांनी. मी रोज हरते. मला अजून विशेष काही वाटत नाही, तीता, खोटं कशाला सांगू. पण तिथे बसते. काल तिने पहिल्यांदा तिचा अर्धा डबा न मागता दिला.

आई म्हणते, आश्रमाच्या मॅनेजरने विचारलंय, तुम्ही परत येणार का, की जागा भरायची.

चेस्का


लेगानेस
१६ मे

इंदाय,

आश्रमाचं मी परवा फोन करून कळवलं. मानांगच्या फोनवरून. परत येत नाही म्हणाले. इथे आमच्या गावात दोन म्हाताऱ्या आहेत, ज्यांची मुलं दुबईला असतात. त्यांच्याकडे जायला लागले आहे. त्यांच्या मुलांनी फोन केला की जे असेल ते सांगते. एक जण चिडला. चिडू दे.

तुझी दोन्ही पत्रं मी बरेच दिवस उशीखाली ठेवून होते. बूट वाचून काय झालं ते मी लिहिणार नाही. पण त्यानंतर ती झाडूची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्या एवढ्याशा पोरीवर आळ ढकलला! स्वतः बाकावर पाय घेऊन बसला! तांदूळ निवडताना, कोंबड्यांना घालताना, तेच. मी सहा वर्षांच्या मुलाला सोडून गेले होते, त्याला हे कोणी शिकवलं?

मागच्या रविवारी मिस्सानंतर दफनभूमीत गेले. पुरल्यापासून तिथे जाऊन मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. फुलं ठेवायची, उभी राहायची, परत यायची. त्या दिवशी फुलं ठेवली आणि तोंडातून निघालं, "लाज वाटत नाही तुला?"

मग थांबेना. म्हटलं, "तोतो, एवढीशी मुलगी ती, परक्या देशात आलेली, तुझ्यासारखीच. तिच्या आईने पहाटे उठून तळलेलं, ते तू खाल्लंस? माझ्या हातचं डब्यात होतं ना तुझ्या? ते काय केलंस, टाकलंस? पत्ते तुझे आणि झाडू तिच्या हातात? मंगळवारची तिर्री म्हणे! कुठल्या इलोइलोत? माझा बाप इथे पन्नास वर्षं पुसोय खेळला, त्याने नाही ऐकलं कधी! आणि शाळा कशी झाली विचारलं की 'ठीक आहे' म्हणतोस मला? हे ठीक आहे?"

शेजारच्या थडग्यावर एक कुटुंब खायला बसलं होतं. ती माणसं घास हातात धरून बघत होती. मानांग मला ओढायला लागली, लोक काय म्हणतील. मी तिचा हात झटकला. घसा बसेपर्यंत ओरडले. घरी आले तेव्हा आवाज नव्हता, आणि हाताला झिणझिण्या आल्या होत्या, बर्फातून आत आल्यावर येतात तशा.

जिवंतपणी मी त्याला असं कधी रागावलेच नाही. वेळ नव्हता. रागावायलासुद्धा माणूस समोर जागं लागतं.

पुरस्कार देऊ नका. मिस्टर डुसेटना सांग, आई नको म्हणते. फोटो लावायचाच असेल तर लहान लावा, त्या मागच्या पॅसेजमध्ये, खाली नुसतं नाव. टेटमवर डूख धरू नकोस. तिला कोणीतरी शिकवलंय की दुःख मोठ्याने करायचं असतं.

चिनेलोला माझा निरोप दे. त्याच्या वतीने मी माफी मागत नाही, ती त्याची त्याने मागायची होती. पण तिला विचार, अजून काय काय केलं त्याने. तिला सगळं आठवायला लाव, घाई करू नकोस. आणि आठवेल तसं मला लिहून पाठव.

चांगलं नको लिहूस. चांगलं मला इथे सगळे सांगतात.

रोसेन्दा